चिमूटभर ग्रीस

आमच्या घरी दसऱ्याला मोटारीची पूजा यथासांग होते. सकाळी सोसायटीच्या आवारात बादल्या निघतात, गाडीला स्नान घडते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, समोरच्या जाळीला झेंडूचा हार बांधला जातो आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी त्यावरून चार बोटे पुढे नेली जाते. गेल्या वर्षीही ही पूजा मी मोठ्या भक्तिभावाने केली. लिंबू ठेवताना माझे नाक त्या चाकापासून जेमतेम वीतभर अंतरावर होते. पण चाकाच्या आत काय शिजते आहे याची मला गंधवार्ताही नव्हती. ती मिळायला भाऊबीज उजाडावी लागली, आणि ती अगदी शब्दशः गंधाचीच वार्ता होती.

भाऊबीजेला आम्ही दर वर्षी ठाण्याहून पुण्याला ताईकडे जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परततो. परतताना खंडाळ्यापासून आम्ही जुन्या रस्त्याने खोपोलीला उतरतो, कारण आमच्या चिरंजिवांना शिंग्रोबाला नाणे टाकायचे असते. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते देऊळ. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. तेव्हापासून किती चाके त्याच्यासमोरून गेली असतील, देव जाणे. तर गाडीत आम्ही दोघे, सासूबाई, कन्या, चिरंजीव आणि फराळाचे सहा डबे असा भरगच्च संसार होता. देऊळ मागे पडले आणि ही म्हणाली,

"अहो, काहीतरी करपतंय."

"ताईच्या चिवड्याचा वास असेल," मी म्हणालो.

"वन्संच्या चिवड्याला मी पंचवीस वर्षं ओळखते. करपलेला चिवडा त्यांच्या घरातून बाहेर पडायचा नाही."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मीही दोन-तीनदा हुंगून पाहिले. वास होता खरा. जळक्या रबराचाही नव्हे आणि तेलाचाही नव्हे; काहीसा कढत लोखंडाचा, काहीसा चुन्यासारखा तिखट. मग माझ्या ध्यानात आले, की मघापासून मी स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून बसलो आहे. पाय ब्रेकवर नसतानाही गाडी डावीकडे ओढ घेत होती. आणि पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तेव्हा पेडल नेहमीपेक्षा खोल गेले, आणि मऊ गेले. उशीवर पाय ठेवावा तसे.

घाटात, उतारावर, मागे सासूबाई आणि दोन मुले असताना पायाखाली उशी लागणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून कळणार नाही. गिअर दुसऱ्यात टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत आणला आणि कडेच्या रुंद जागेत गाडी कशीबशी थांबवली. पुढच्या डाव्या चाकातून निळसर धूर निघत होता. चिरंजीव पाण्याची बाटली घेऊन धावले. तेवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "पाणी टाकू नका! तडकेल!" त्याने आधी चाकाखाली दगड लावले, मग तळवा न टेकवता हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाजवळ धरून पाहिली. तीन चाके नुसती उबदार होती. चौथ्याजवळ त्याला हात धरवेना. "ब्रेक चिकटलाय साहेब. थंड होऊ द्या," एवढे बोलून तो विडी पेटवून बसला.

पाऊण तास आम्ही तिथे बसलो. मग त्या भल्या माणसाने सासूबाईंना आणि मुलांना आपल्या केबिनमध्ये घेतले, आणि मी पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, त्याच्या मागोमाग खोपोलीला उतरलो. हिला मी ट्रकमध्ये बस म्हणालो. ती म्हणाली, "डबे कोण धरणार?" आणि शेजारी बसून राहिली. डबे मागच्या सीटवर होते. (आज असा प्रसंग आला तर मी गाडी टोचन करून नेईन, त्या दिवशी केले ते शहाणपणाचे नव्हते, हे इथेच सांगून टाकतो.)

खोपोलीला ड्रायव्हरच्या ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री होता. त्याने चाक काढले, आतला चिमटा सोडवला आणि दोन लोखंडी पट्ट्या माझ्या तळहातावर ठेवल्या. "हे ब्रेकचे पॅड. दोघे एकाच दिवशी बसवलेले." एका पट्टीवरचा थर बोटाएवढा जाड होता. दुसरीवरचा थर संपून लोखंड दिसायला लागले होते. मिस्त्री हसून म्हणाला, "साहेब, एकत्र कुटुंब आहे. एक भाऊ राबतोय, दुसरा बसून खातोय."

हे असे का झाले ते समजावून घेतल्यावाचून मला चैन पडेना. ते मला समजले तसे सांगतो. यंत्रशास्त्राचा माझा अभ्यास घरातल्या शिवणयंत्रापलीकडे गेलेला नाही, तेव्हा भाषा स्वयंपाकघरातलीच येईल.

चाकाबरोबर एक पोलादी ताटली फिरत असते, ती डिस्क. त्या ताटलीला दोन्ही बाजूंनी पकडणारी सांडशी म्हणजे कॅलिपर. आपल्या साध्या मोटारींत या सांडशीला जोर एकाच बाजूने असतो. आतल्या बाजूला एक पिस्टन असतो. आपण पेडल दाबले, की ब्रेकऑइलच्या दाबाने तो पुढे सरकतो आणि आतला पॅड ताटलीवर टेकवतो. मग बाहेरचा पॅड कोण दाबतो? इथेच गंमत आहे. होडीत बसून धक्क्याला हाताने ढकलले तर धक्का हलत नाही, होडीच मागे सरकते. तसाच पिस्टन ताटलीला ढकलतो. ताटली हलत नाही, म्हणून सगळी सांडशीच उलट दिशेला सरकते आणि बाहेरच्या पॅडला ओढून ताटलीवर आणते. हे सरकणे होते ते बोटाएवढ्या जाडीच्या दोन पिनांवर. पाय उचलला, की सांडशी त्याच पिनांवरून केसभर मागे येते आणि ताटली मोकळी होते.

म्हणजे सगळा खेळ त्या दोन पिनांचा. त्या रबरी टोप्यांच्या आत, ग्रीसमध्ये माखलेल्या असतात. टोपीला चीर गेली, की चार महिन्यांचा पाऊस, चिखल आणि आमच्या ठाण्याची खारी हवा आत शिरते. ग्रीस धुऊन जाते, गंज चढतो आणि पिन जागच्या जागी आवळली जाते. मग बाहेरचा पॅड ताटलीपर्यंत पोचत नाही. आतला एकटाच झिजतो. आणि पाय उचलला तरी पकड सुटत नाही. आमची गाडी कित्येक दिवस ब्रेक अर्धवट लावूनच धावत होती. पेट्रोल जास्त जाते म्हणून मी पंपावाल्याला मनातल्या मनात नावे ठेवत होतो, ती इथे मागे घेतो.

त्यात घाटाची भर. कन्येने नंतर हिशेब मांडून दाखवला. माणसांसह बाराशे किलोची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला सुमारे ५०० मीटर खाली उतरते. तेवढ्या उतरण्यात जी शक्ती सुटते तिने अठरा लिटर गार पाणी खळखळून उकळेल. अभ्यंगस्नानाचा एक बंबच म्हणा. गिअरमध्ये गाडी ठेवली तर त्यातला मोठा वाटा इंजिन सोसते. मी मात्र पेट्रोल वाचवायच्या नादात वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. म्हणजे बंब पेटवला होता तो चाकांत, आणि त्यातही अडकलेल्या त्या एका चाकात सर्वांत जास्त.

पेडल मऊ का झाले, हेही मिस्त्रीने एका प्रश्नात उलगडले. "ब्रेकऑइल कधी बदललं?" मी गप्प. हे ऑइल म्हणतात ते खरे तेल नव्हेच; हवेतले पाणी शोषून घेणारा तो एक पातळ पदार्थ आहे. डॉट ३ या प्रकारचे नवे ब्रेकऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पण पाणी मुरले, की ती मर्यादा १४० अंशांवर घसरते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला तर दबतो. ती उशी या बुडबुड्यांची होती. दर दोन वर्षांनी ते बदलावे, एवढी साधी गोष्ट मी पाच वर्षे केली नव्हती.

आता एक कबुली. घरी येऊन मी मागच्या सर्व्हिसिंगचे बिल शोधून काढले. त्यात 'ब्रेक साफ करणे' अशी ओळ होती आणि तिच्यापुढे रक्कमही होती. मी तणतणत गॅरेजात गेलो. त्या गॅरेजचे नाव घेत नाही. तिथले साहेब फार सभ्य. म्हणाले, "साफ केले होते की! हवेच्या नळीने धूळ उडवली." "आणि पिना?" यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्यांच्या कुटुंबाची चौकशी केली. भांडून मी परत आलो, पण जिन्यात मनाशी विचार केला: वर्षानुवर्षे बिलाची शेवटची ओळ तेवढी वाचणारा गिऱ्हाईक मीच ना? चाक काढलेले मी एकदाही पाहिले नव्हते.

शिवाय माझ्या डोक्यात लहानपणापासून एक वाक्य बसलेले होते. आमच्या काकांची फियाट होती. ते म्हणत, "ब्रेकच्या आसपास तेलाचा थेंब दिसता कामा नये." त्या फियाटला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, सांडशी नाही, सरकत्या पिना नाहीत. काकांचे वाक्य खरेच होते. पकडणाऱ्या भागाला तेल लागले तर ब्रेक गेलाच म्हणून समजा. पण पुढे गाड्यांना डिस्क आल्या आणि काकांचे वाक्य माझ्या डोक्यात तसेच राहिले. खरे पाहता डिस्कची कल्पना काकांच्या फियाटहून कितीतरी जुनी. इंग्लंडातल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. आज साध्या मोटारीला पुढे डिस्क असतेच, आणि मुलांच्या मोटारसायकलींनाही असते. तिथेही अशाच पिना असतात, हे ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारे चिरंजीव आहेत त्यांनी ध्यानात घ्यावे.

तेव्हा अडचण अशी, की ज्या जागी ग्रीस हवेच आणि ज्या जागी ग्रीस म्हणजे घात, या दोन जागांमध्ये अंतर असते चार बोटांचे. पिनेला ग्रीस नसेल तर ब्रेक अडकतो; पॅडला ग्रीस लागले तर ब्रेक धरत नाही. मला हे कळायला पन्नाशी उलटावी लागली.

यंदा पाऊस ओसरल्यावर मी ठरवले, की हे काम एकदा स्वतःच्या हाताने करायचे. खोपोलीच्या मिस्त्रीने मला समोर बसवून सगळे दाखवले होते, तरी मी पुन्हा एका रविवारी त्याच्याकडे जाऊन उजळणी केली. मगच ग्रीस आणायला निघालो. सुट्या भागांच्या दुकानदाराने डब्यातले पिवळे ग्रीस पुढे केले. "सगळ्याला हेच चालतं." चालत नाही! साध्या खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकचे रबर फुगते. मिस्त्रीने मला अशी एक टोपी दाखवली होती. भिजवलेल्या वालासारखी टम्म. पिनांना ब्रेकसाठीच बनवलेले, रबराला न बाधणारे सिलिकोनचे किंवा तशाच कृत्रिम तेलाचे ग्रीस लागते, आणि ते उष्णतेने वितळून वाहत नाही. छोटी नळी मिळते. कित्येक वर्षे पुरेल. किंमत पेढ्यांच्या पुड्याहून कमी.

कामाला आम्ही बापलेक बसलो. मी पाना धरायचा आणि कन्येने गाडीबरोबर आलेले पुस्तक वाचायचे, अशी वाटणी झाली. सपाट जागा, मागच्या चाकांना विटा, चाकाचे नट जमिनीवरच सैल केलेले, मग जॅक, आणि केवळ जॅकच्या भरवशावर न राहता गाडीखाली भक्कम घोडी. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, झटकायचीही नाही. जुन्या पॅडांत अस्बेस्टॉस असे आणि नव्यांची धूळही फुप्फुसांत जायच्या लायकीची नाही. ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. सांडशी सोडवल्यावर ती नळीला लोंबकळू द्यायची नाही, म्हणून आम्ही ती सुतळीने वर स्प्रिंगला बांधली.

पिना बाहेर आल्या. एक सहज निघाली. दुसरी निघताना कुरकुरली, पण निघाली. वर्षभरात तिच्यावरचे ग्रीस सुकून काळ्या मळीसारखे झाले होते. म्हणजे मिस्त्रीने लावलेले चांगले ग्रीससुद्धा एका पावसाळ्यात एवढे थकले! मी रॉकेलचे फडके उचलले तर कन्या म्हणाली, "बाबा, रॉकेल नको, तेही खनिज तेलच आहे. स्पिरिट घ्या." घेतले. पिना चकचकीत पुसल्या, भोके आतून पुसली. गंजाने खड्डे पडले असते तर पिना नव्याच घ्याव्या लागल्या असत्या. वरची पिन वर आणि खालची खाली. काही गाड्यांत दोन्ही वेगळ्या असतात आणि अदलाबदल झाली तर पुन्हा अडकतात.

मग तो मुख्य विधी. वाटाण्याएवढे ग्रीस, बोटाने पिनेवर पातळ पसरलेले. हौसेने भोक गच्च भरायचे नाही. ग्रीस आत कोंडले, की पिन पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागे ढकलली जाते आणि सरकणे पुन्हा बंद. पॅडचे कान ज्या खाचांत बसतात तिथे नखाएवढा लेप. पॅडच्या तोंडाला आणि ताटलीला मात्र बोटही लावायचे नाही. हातमोजे बदलून मगच पॅड उचलले. टोप्या खोबणीत नीट बसवल्या आणि सांडशी हाताने ढकलून पाहिली. काय सांगू! आजीच्या झोपाळ्याच्या कड्यांना दिवाळीत तेल घातल्यावर तो जसा निमूटपणे हले, तशी ती सांडशी एका बोटाने इकडून तिकडे सरकली. मी ती उगीचच सात-आठ वेळा सरकवली. कन्येने घड्याळाकडे पाहिले.

पॅड बसवताना पिस्टन मागे दाबावा लागला होता. बोल्ट पुस्तकात दिलेल्या मापाने आवळले, चाक लावले, गाडी खाली घेतली. मी हात पुसत ऐटीत आत बसलो आणि इंजिन सुरू केले. समोर दहा हातांवर वॉचमनचे स्टूल, स्टुलावर वॉचमन. मी गिअर टाकणार तोच कन्येने खिडकीवर थाप मारली.

"बाबा! आधी पेडल मारा!"

मी पेडल दाबले. ते थेट जमिनीला जाऊन टेकले. कसलाही विरोध नाही. मागे दाबलेला पिस्टन पुन्हा पॅडपर्यंत यायला पाच-सहा वेळा पेडल मारावे लागते, हे मिस्त्रीने दोनदा सांगितले होते आणि मी दोनदा मान डोलावली होती. पहिल्याने खोल, दुसऱ्याने थोडे कमी, आणि सहाव्या वेळी पेडल दगडासारखे घट्ट झाले. वॉचमनला अजून काही कळलेले नाही. तो मला अदबीने सलाम करतो.

म्हणून ज्यांना या कामाची सवय नाही त्यांनी ते घरी करावे असे मी मुळीच म्हणत नाही. मिस्त्रीकडे जावे. पण गाडी टाकून परत न येता अर्धा तास तिथल्या बाकावर बसावे, चाक काढायला लावावे आणि म्हणावे, "पिना हाताने सरकवून दाखवा." दोन्ही पॅड सारखे झिजले आहेत का तेही पाहावे. चहा बहुधा मिस्त्रीच पाजतो. मी हे वर्षातून एकदा, पावसाळा संपला की करतो. आणि ब्रेकऑइल बदलल्याची तारीख आता गॅसच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहिलेली आहे, कारण आमच्या घरात हरवत नाही असे ते एकच पुस्तक आहे.

त्यानंतर आठवड्याने ताईकडे जाणे झाले. येताना पुन्हा जुना रस्ता, या खेपेला दुसऱ्या गिअरमध्ये. मागे मोटारी भोंगे वाजवत होत्या, वाजवू दिले. शिंग्रोबापाशी चिरंजिवांनी नाणे टाकले. मी खाली उतरलो आणि त्या ट्रकवाल्याने दाखवले तसा हात उलटा करून चारही चाकांजवळ धरला. पुढची दोन्ही चाके सारखीच कोमट होती. मागची गार.

"काय म्हणतायत?" हिने खिडकीतून विचारले.

"दोघे भाऊ राबतायत," मी म्हणालो. "तुला वास येतोय का काही?"

तिने काच पूर्ण खाली केली, डोळे मिटून सावकाश हुंगले.

"येतोय," ती म्हणाली. "वन्संनी गोडा मसाला दिलाय, त्याचा."